खड्डेमास्तर आणि अर्धे पोते मीठ

वाचकहो, सत्तर माणसे एखाद्या उघड्या माळावर पाच दिवस राहायला गेली, तर सकाळी उठून ती कुठे बसतील, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

नाक मुरडू नका. मीही मुरडले होते. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे माझ्या खिशात घडी घालून ठेवलेली होती. आमच्या घरी रद्दीबरोबर पत्रके येत, ती वाचतच मी मोठा झालो. पुढे स्वतः लिहू लागलो. जातिभेद, सावकारी, परदेशी कापड, देवळातली दक्षिणा, कशालाच मी सोडले नव्हते. हा एकच प्रश्न मात्र मला कुणी विचारला नव्हता. तो विचारणारा माणूस लोणावळ्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहत असे.

आमचे तळेगावच्या तरुणांचे एक मंडळ होते. उन्हाळ्याच्या सुटीत वलवणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या माळावर पाच दिवसांचे शिबिर भरवायचे आम्ही ठरवले. मी चिटणीस. कुणीतरी म्हणाले, लोणावळ्यात एक पेन्शनर आहेत, सरकारच्या आरोग्यखात्यात जन्म गेला, जत्रांचे आणि मजुरांचे तळ उभारण्यात हयात घालवली. तंबू कुठून उसने मिळतील ते त्यांना ठाऊक असेल.

सरकारी पेन्शनर हे ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली होती. तरी गेलो. ते खुर्चीत बसून चाकूने पेन्सिलीला टोक काढत होते. मी शिबिराचा कार्यक्रम मोठ्याने वाचून दाखवला: पहाटे प्रभातफेरी, मग ध्वजवंदन, कवायत, चर्चा, श्रमदान, सायंप्रार्थना. त्यांनी शेवटपर्यंत मान हलवत ऐकले.

“छान आहे. आणि हे सगळं करणारी माणसं सकाळी कुठं बसणार?”

“बसणार म्हणजे?”

“हागायला.”

आतून बाईंचा आवाज आला, “अहो, काय हे! परका मुलगा आहे.”

“अगं, यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नाहीये, म्हणून विचारतोय.”

मी लालबुंद झालो. म्हणालो, “माळच आहे सगळा. आजूबाजूला जातील की कुठेतरी.”

त्यांनी कपाटातून एक कापडी नकाशा काढला आणि माझ्यापुढे पसरला. “ही पेन्सिल घ्या. यावर ‘कुठेतरी’ कुठं आहे ते दाखवा.”

तंबूंचे बोलणे त्या दिवशी झालेच नाही.

गावात त्यांना खड्डेमास्तर म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर आम्ही काका म्हणायचो आणि खेड्यातली माणसे सायेब. ते नेहमी अडीच फुटांचे पाऊल टाकत, कमी नाही की जास्त नाही. बाजारातून जाताना ओठ हलत असायचे, पावले मोजणे चाललेले असायचे. कुणी रामराम केला तर एक बोट वर करून तसेच पुढे जात, मुक्कामाला पोचून आकडा वहीत टिपून घेत आणि मग परत फिरून त्या माणसापाशी येत. “हां, रामराम. काय म्हणत होता?” तोवर तो माणूस घरी जाऊन जेवायलाही बसलेला असे.

लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी ते मांडवामागे जात. तळेगावात एका लग्नात आचारी भाताची पेज आणि खरकटे थेट विहिरीच्या कठड्यालगत ओतत होता. हे काठी घेऊन विहिरीपाशी उभे राहिले, ते मंगलाष्टके संपली तरी हलेनात. मुलीचा बाप धावत आला. “आपण कोण? वराकडचे की वधूकडचे?”

“मी विहिरीकडचा,” हे म्हणाले.

पुढे त्यांना लग्नाची आमंत्रणे कमी येऊ लागली. त्याचे त्यांना वाईट वाटल्याचे कधी दिसले नाही.

आणखी एक सांगतो. मुंबईची बडी मंडळी सुटीत हवा खायला लोणावळ्यास येत, डोंगरावर सहलीला जात आणि येताना अंड्यांची टरफले, तेलकट कागद, फुटक्या बाटल्या तिथेच टाकून येत. हे दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन जात. एकदा ती भरलेली टोपली त्यांनी एका शेटच्या बंगल्यावर नेली आणि व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या पाहुण्यांपुढे ठेवली. “आपलं सामान काल डोंगरावर राहिलं होतं. मोजून घ्या, बाटलीचा एक तुकडा सापडला नाही.” रखवालदाराने त्यांना फाटकाबाहेर काढले. त्या शेटवर मी हजार शब्दांचे जळजळीत पत्रक लिहिले असते. खड्डेमास्तर तो उरलेला तुकडा शोधायला पुन्हा डोंगरावर गेले.

तर शिबिराच्या पंधरा दिवस आधी ते मला घेऊन माळावर गेले. एका हातात काठी, तिच्यावर दर फुटाला खाच पाडलेली. दुसऱ्या हातात रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचा डबा. माळाच्या खालच्या उतारावर पंधरा-वीस घरांची शेतकऱ्यांची वाडी होती. वाडी आणि माळ यांच्या मध्ये, कातळाच्या खोबणीत, एक झरा. मे महिन्यात तो करंगळीएवढा वाहत होता. सगळ्या वाडीचे पिण्याचे पाणी तेवढेच.

वाडीतले वडीलधारे आबा झऱ्याशी बसले होते. उघडे, डोक्याला मुंडासे, पाय ताणलेले. मी शिबिराचे उद्देश सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

“ते ऱ्हाऊ दे पोरा. गेल्या साली आशीच पोरं आलती. दोन दीस नाचली, गायली. झऱ्यात अंघुळी केल्या, वर घान करून ठिवली. मागनं वाडीत हगवन लागली. माजा नातू ऱ्हायला न्हाई.”

खड्डेमास्तर त्यांच्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, “आबा, मी जागा पारखून घेईन. कुठं काय करायचं ते फक्कीनं आखून देईन. झऱ्यात कुणी हात घालणार नाही.”

“तुमी जबाबदार?”

“मी जबाबदार.”

आबांनी मान डोलावली. “मंग या.”

त्यानंतरचे दोन दिवस मी जे पाहिले, ते मला कुठल्याच पत्रकात मिळाले नव्हते. मला वाटले होते की आधी ध्वजस्तंभाची जागा ठरवायची, त्याभोवती तंबू, मग बाकीचे. त्यांचा क्रम उलटा होता. आधी पाणी, मग घाण, मग चूल, मग माणसे. “झेंडा उरलेल्या जागेत लावा. तो कुठंही फडकतो,” ते म्हणाले. मी रागावलो, तर म्हणाले, “रागावू नका संपादक. खरंच कुठंही फडकतो.” मी मंडळाचे हस्तलिखित मासिक काढत असे, म्हणून ते मला संपादक म्हणत. त्याच हस्तलिखितात मी पहिल्या भेटीनंतर, त्यांच्या जुन्या सरकारी टोपीवरून, त्यांच्यावर ‘टोपीतले सरकार’ अशी एक टवाळी लिहिली होती. ती त्यांनी वाचली होती, हे मला फार नंतर कळले.

मूठभर धूळ हवेत सोडून ते वारा बघत. चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे ठिणगी तंबूंवर यायची नाही. पिण्याच्या पाण्याला झाकणाचा रांजण आणि लांब दांड्याचे ओगराळे, म्हणजे कुणाचा हात आत बुडायचा नाही. भांडी घासायच्या जागेला दगडांनी भरलेला खड्डा आणि त्यावर वाळल्या गवताची गादी. खरकटे आणि तेल गवतात अडकते, पाणी खाली मुरते, गवत रोज जाळायचे. आणि शेवटी शौचाचे चर, वीतभर रुंद आणि दोन हात खोल. पुढे मातीचा ढीग, ढिगात डबा, भोवती कारवीच्या काठ्यांना बांधलेले गोणपाट. ज्याने त्याने आपल्यापुरती माती लोटायची. बाहेर पडताच हात धुवायला राखेचे ताट आणि भोक पाडलेला पाण्याचा डबा. चरांची जागा त्यांनी माळाच्या पलीकडच्या उतारावर आखली. झऱ्यापासून ती लांब होती आणि त्या बाजूला वस्ती नव्हती.

“माती लोटायला लोणावळ्याहून दोन मेहतर आणू,” मी म्हणालो. “रोजच्या बोलीवर.”

त्यांनी खिशातून एक कागद काढला. आमच्या शिबिराचे पत्रक, माझेच. ते मोठ्याने वाचू लागले, “‘या माळावर पाच दिवस कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. सर्व एका पंक्तीत बसतील, एका घागरीचे पाणी पितील.’ फार चांगलं लिहिलंय. याच्याखाली एक ओळ घाला, संपादक. ‘खेरीज मेहतर दोन.’”

ती ओळ घालण्याऐवजी मी कुदळ घेतली, एवढेच सांगतो. लाज वाटली होती, आणि ती लाज आजही उपयोगी पडते.

पण लाज वाटली म्हणून लगेच शहाणपण येते असे नाही. खड्डेमास्तरांना ताप आला आणि ते तीन दिवस लोणावळ्याला पडून राहिले. इकडे आम्ही चौघे फक्कीच्या रेघांवर खणू लागलो. एक वीत माती, मग मुरूम, मग काळा कातळ. कुदळीचे टोक वळले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजूबाजूला पाहिले. माळाच्या अलीकडच्या बाजूला करवंदीच्या जाळीमागे एक खोलगट जागा होती. माती लोण्यासारखी. आडोसाही आयता. झरा तिथून चांगला दीडशे पावलांवर होता आणि मध्ये उंचवटा होता. मी चिटणीस, मी निर्णय घेतला. संध्याकाळपर्यंत दोन सुंदर चर तयार झाले. मला माझा अभिमान वाटला. कातळावर डोके फोडणारी सरकारी पद्धत एकीकडे आणि तरुणांची बुद्धी एकीकडे, असे एक वाक्यही मी मनात जुळवून ठेवले.

शिबिराला तीन दिवस असताना खड्डेमास्तर आले. तोंड उतरलेले, गळ्याला मफलर. ते चरांपाशी गेले, वाकून मातीचा वास घेतला, काठीने तळ टोचला. रागावले नाहीत. “सोपं गेलं का खणायला?” एवढेच विचारले.

“अगदी!” मी म्हणालो.

“हं. बाजारातून अर्धं पोतं मीठ आणावं लागेल.”

त्या वर्षी साऱ्या देशात मिठावरून रान पेटले होते, वाचकहो. कर भरलेले मीठ मी खांद्यावर वाहणार? मी स्पष्ट नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे, असे म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. दोन-तीन तासांनी ते मला चढणीवर दिसले: तापातून उठलेला साठीचा माणूस, डोक्यावर अर्धे पोते, ओठ हलत आहेत, पाऊल अडीच फुटांचे. मी धावत खाली गेलो आणि तत्त्वासकट पोते माझ्या डोक्यावर घेतले.

त्यांनी आधी वाडीत जाऊन आबांना सांगितले, “आज सगळ्यांनी हंडे भरून ठेवा. मी एक गोष्ट तपासणार आहे.” मग आम्ही वाडीखालच्या ओढ्यात उरलेल्या गढूळ डोहातून घागरींमागून घागरी आणून त्या मऊ चरांत मीठ विरघळवून ओतले. तीस घागरी तरी झाल्या असतील. माती घटाघटा पीत होती. मी हसत होतो. उंचवटा ओलांडून पाणी चढावर कसे जाणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही झऱ्यावर गेलो. आबा आधीच बसले होते. त्यांची सून कळशी भरत होती. तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थांबली.

“मामंजी, पानी बगा की. खारं लागतंय.”

आबांनी चव घेतली. थुंकले. मग खड्डेमास्तरांनी घेतली. मग मी. आजाऱ्याच्या पेजेत असते तेवढे मीठ होते. तेवढे पुरेसे होते.

आबा उठून उभे राहिले. “सायेब, तुमी तर म्हनला हुता जागा पारखून घेतो. ही पारख? हितं मीठ आलं. परवाच्याला काय आलं आसतं?”

खड्डेमास्तर पाण्याकडे बघत होते. “चूक झाली आबा. जबाबदारी माझी होती.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पाहिले असते तर मी कदाचित एखादे कारण काढले असते. त्यांनी मान वर केली नाही, म्हणून मला बोलावे लागले.

“आबा, जागा मी बदलली. यांनी पलीकडे आखली होती. यांना विचारलं नाही. तिकडं कातळ लागला, आणि इथं माती मऊ होती.”

“मऊ आसनारच! पावसाळ्यात समदं पानी तितंच तर मुरतं. खाली कातळाला चीर हाय, माज्या बापाला ठावं हुतं. आमाला इचारायचं हुतंस. कागदावर तर लय बोलतोस म्हनं, मंग तितं काय जीब टाळूला चिकाटली हुती?”

सून म्हणाली, “मामंजी, लेकरू हाय. ऱ्हाऊ द्या.”

“लेकरू माजंबी हुतं,” आबा म्हणाले. मग हळू बोलले, “नगं बाबा. तुमचं शिबिर-बिबिर नगं. माघारी जावा.”

दोन दिवसांवर शिबिर. सत्तर जणांना पत्रे गेली होती, कुणी साताऱ्याहून निघाले होते. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला शिबिराची आठवण झाली नाही. मला गेल्या साली न राहिलेल्या त्या पोराची आठवण झाली, ज्याला मी कधी पाहिलेही नव्हते.

खड्डेमास्तर म्हणाले, “आबा, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. आधी हे चर बुजवतो. मग पलीकडच्या कातळात चर झाला तर शिबिर. नाही झाला, तर मी स्वतः स्टेशनावर उभा राहून एकेका पोराला परत पाठवीन.”

आबांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ते निघून गेले.

मऊ चर बुजवायला तास लागला. कातळाने मात्र आम्हाला रडवले. दुपारपर्यंत हातांना फोड आले, फोड फुटले, चर गुडघ्याएवढाही झाला नाही. खड्डेमास्तर सावलीत बसत नव्हते. निघालेले दगड ते आमच्या हातातून घेऊन एका रांगेत रचत होते. उन्हे कलली तेव्हा चढणीवर आबा दिसले. खांद्यावर पहार, मागे वाडीतले दोन गडी.

“आसं न्हाई रं,” ते मला बाजूला सारत म्हणाले. “कातळाला रेघ आसती. ही बग. रेघंवर मार, आपसूक सुटतो.”

मी कृतज्ञतेने काहीतरी बोलू लागलो.

“तुज्यासाटी न्हाई आलो. पान्यासाटी आलो. मार.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन चर पुरे झाले. आबांनी स्वतः काठी घालून खोली पाहिली. झऱ्याचे पाणी गोडे व्हायला आणखी तीन दिवस लागले. तोवर आम्ही ओढ्याचे पाणी उकळून प्यायलो आणि वाडीतल्या घरोघर पोचवले. साताऱ्याहून आलेल्या एका वक्त्याला वाटले, हेच आमचे श्रमदान. त्याने त्याची फार स्तुती केली. मी खाली मान घालून ऐकले.

शिबिर झाले. भाषणे झाली. त्यांतले एकही वाक्य आज मला आठवत नाही, माझे स्वतःचेसुद्धा. सहाव्या दिवशी सगळे गेल्यावर खड्डेमास्तर आणि मी मागे राहिलो. चर बुजवले, वर दगडांचा थर दिला, चुलीची राख गाडली, गोणपाट सोडले. ते सगळ्या माळावरून एकदा फिरले. वाकून खुंटीचे एक भोक टाचेने दाबून बंद केले. “आता कुणी आलं होतं असं वाटत नाही,” ते म्हणाले. इतके समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिले नाही.

त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्यावर कुठे दोन ओळी छापून आल्या नाहीत. मला त्यांनी उपदेश असा कधीच केला नाही. त्या टवाळीबद्दल मी एकदा क्षमा मागितली, तर म्हणाले, “लेख बरा होता. शेवट ढिला होता.” पण झऱ्याकाठी माझी चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली, ती सकाळ मला मिळाली नसती तर मी आजही लोकांच्या भल्यासाठी त्यांच्या डोक्यावर बसून लिहीत राहिलो असतो. माझ्या लेखणीत आज जो थोडा खरेपणा असेल, तो त्यांचा आणि आबांचा आहे.

आता तुम्हाला एक मागणे. येत्या सुटीत तुमचेही एखादे मंडळ, शाळा, आखाडा आमच्या मावळात उतरेल. जरूर या. पण तंबूची गुंडाळी सोडण्याआधी तुमच्यातल्या एकाने उतार उतरून खालच्या वस्तीत जावे, दारात बसलेल्या पहिल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे आणि विचारावे, “तुम्ही पाणी कुठलं पिता?” उत्तर मिळेपर्यंत एकही खुंटी ठोकू नका.